मशीन निवांत झालं की टाइमर चुकतो: रिअल-टाइम कर्नलमधला उशीर शोधताना

रात्री साडेअकराला शिरोली एमआयडीसीतनं फोन. "सायेब, एसपीएम परत ट्रिप मारतंय. काम जोरात चालू असलं की काय होत नाही, जरा निवांत झालं की ड्राइव्हवर लाल दिवा."

एसपीएम म्हणजे एकाच कामासाठी बनवलेलं स्पेशल पर्पज मशीन, हे पंपाच्या कास्टिंगला भोकं पाडणारं. दोन सर्व्हो मोटरी, प्रत्येकीला वीज देणारा ड्राइव्ह, आणि त्यांना चालवणारा एक साधा पीसी. पीसीवर डेबियन लिनक्स, रिअल-टाइम कर्नल (ठरल्या वेळेत काम होईल असं बघणारा लिनक्सचा गाभा) आणि आम्हीच सी मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम. प्रोग्रॅमनं दर मिलिसेकंदाला उठायचं, ड्राइव्हना नवी पोझिशन पाठवायची आणि परत झोपायचं. निरोप ठरल्या वेळेत आला नाही की ड्राइव्ह सिंक एरर दाखवून बंद पडतो. त्याचं बरोबरच आहे म्हणा.

त्या फोनवरचं अर्धं वाक्य, "निवांत झालं की", मी आधी कानाआड केलं आणि त्यापायी दोन रात्री घालवल्या. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करून उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात असल्या कामाला लागलेल्यांच्या रात्री तरी वाचाव्यात म्हणून तपासाचा क्रम लिहून ठेवतोय.

आधी तालीम डोळ्यासमोर आणा

पहाटे चारला पैलवान हौद्यात हवा. भिंतीवर घड्याळ आहे. ते बघून वस्ताद हाक मारतो. हाकेनं पैलवान उठतो. उठून जोर मारायला लागतो. तो सव्वाचारला आला तर चूक कुणाची? घड्याळ मागं असेल, वस्तादालाच जाग आली नसेल, हाक वेळेवर पडूनही पैलवान लोळत असेल, नाहीतर उठून आधी चहा पीत बसला असेल.

कर्नलात हे चौघं आहेतच. घड्याळ म्हणजे क्लॉकसोर्स. हाक म्हणजे टाइमरचा इंटरप्ट, प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा. पैलवान म्हणजे तुमचा थ्रेड, प्रोग्रॅममधला स्वतंत्र चालणारा धागा, आणि त्याला उठवून प्रोसेसरवर बसवणारा तो शेड्यूलर. जोर म्हणजे तुमचा कोड. "टाइमर बिघडलाय" असं म्हणणारे दहातले नऊ जण पैलवानाच्या उशिराचा राग घड्याळावर काढत असतात. तेव्हा कोण उशीर करतोय हे कळल्याशिवाय बूट पॅरामीटरला, म्हणजे कर्नल सुरू होताना त्याला दिलेल्या सूचनांना, हात लावायचा नाही. कुठूनतरी उचललेली पंधरा पॅरामीटरची ओळ बूटलोडरमध्ये चिकटवलेली मशीन मी बघितलीत. त्यातलं कुठलं कशासाठी घातलंय, ते घालणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पायरी पहिली: कर्नल खरंच रिअल-टाइम आहे का

टर्मिनलवर युनेम -ए द्या आणि कर्नलच्या नावापुढं "प्रीएम्प्ट_आरटी" आहे का बघा. नुसतं "प्रीएम्प्ट_डायनॅमिक" दिसलं तर तो साधा कर्नल. नव्या माणसाला "प्रीएम्प्ट" एवढंच दिसतं आणि तो खूश होऊन पुढं जातो. खात्रीसाठी सिस फोल्डरातल्या (कर्नल आपली आतली माहिती तिथं दाखवतो) कर्नलखाली रिअलटाइम नावाची फाइल असेल तर तीही बघा. तिच्यात १ असला पाहिजे. युनेममध्ये प्रीएम्प्ट_आरटीच नसेल तर इथंच थांबा आणि आधी योग्य कर्नल बसवा.

पूर्वी यासाठी पॅच लावून कर्नल स्वतः बांधावा लागायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ पासून रिअल-टाइमचा पर्याय लिनक्सच्या मूळ कर्नलातच आलाय. हाय-रेझोल्यूशन टाइमर त्याच्या कितीतरी आधीचे: त्यांचा सांगाडा २००६ च्या २.६.१६ मध्ये आला आणि खरी बारीक वेळ २००७ च्या २.६.२१ पासून मिळायला लागली. म्हणजे हे टाइमर साध्या कर्नलातही असतात. रिअल-टाइम कर्नल मुख्यतः हाक आणि उठणं यांच्यातलं अंतर आटोक्यात ठेवतो.

पायरी दुसरी: बारीक टाइमर चालू आहेत का

हे बघायला पायथन पुरतो. टाइम मॉड्यूलमधल्या क्लॉक_गेटरेसला मोनोटॉनिक घड्याळ द्या. उत्तर १ नॅनोसेकंद आलं तर चालू आहेत. ०.००४ आलं तर बंद आहेत, आणि तुमचा कर्नल सेकंदाला २५० टिकटिकांवर चाललाय, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या आत काही मोजायची त्याची तयारीच नाही. असल्या मशीनवर १ मिलिसेकंदाचा लूप म्हणजे सोनाराच्या बारीक तराजूऐवजी गुळाच्या वखारीतल्या काट्यावर सोनं तोलण्यातला प्रकार.

अजून खोलात जायचं तर रूट होऊन प्रॉक फोल्डरातली (तोही सिससारखाच कर्नलची माहिती दाखवणारा) टाइमर_लिस्ट वाचा. फाइल लांबलचक आहे, घाबरू नका. दोनच गोष्टी शोधायच्या. प्रत्येक सीपीयूखाली "एचरेस_ॲक्टिव्ह" पुढं १ हवा, आणि खाली टिक डिव्हाइसच्या भागात इव्हेंट हँडलर म्हणून "एचआरटाइमर_इंटरप्ट" हवा. तिथं "टिक_हँडल_पिरिऑडिक" दिसलं तर तो कोर जुन्या टिकटिकीवरच आहे.

बंद असायची कारणं मोजकी. कुणीतरी कधीतरी "हायरेस=ऑफ" बूट ओळीत घालून ठेवलेलं असतं (प्रॉकमधली सीएमडीलाइन वाचा), कर्नल बांधताना पर्याय निवडलेला नसतो, किंवा बोर्डावर एकेक हाक ठरवून मारणारा टाइमरच कर्नलला सापडलेला नसतो. तिसरं कारण बहुतेक वेळा कुणा कंपनीनं स्वतः जुळवलेल्या बोर्डांवर भेटतं.

आणि "१ नॅनोसेकंद" वाचून हुरळू नका. तो कर्नलच्या हिशेबाचा आकडा, हार्डवेअरचा नव्हे. रास्पबेरी पाय ४ चं आतलं घड्याळ ५४ मेगाहर्ट्झचं, म्हणजे त्याचा एक ठोका साडेअठरा नॅनोसेकंदांचा. आपल्या कामाला तेवढा बारीक ठोका भरपूर झाला.

पायरी तिसरी: घड्याळ कुठलं धरलंय

सिस फोल्डरात क्लॉकसोर्स शून्यखाली करंट_क्लॉकसोर्स नावाची फाइल आहे. इंटेल-एएमडीच्या पीसीवर तिच्यात "टीएससी" हवं, म्हणजे प्रोसेसरमधलंच घड्याळ. एचपेट किंवा एसीपीआय-पीएम दिसलं तर कर्नलचा टीएससीवरचा विश्वास उडालाय. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, "टीएससी अनस्टेबल" असं शोधा, कारण तिथंच सापडेल. एचपेट चुकीची वेळ सांगत नाही. प्रश्न असा की टीएससी प्रोसेसरच्या पोटात आहे आणि एचपेट बाहेर चिपसेटमध्ये, त्यामुळं प्रत्येक वेळी वेळ विचारायला उंबऱ्याबाहेर जावं लागतं. लूपमध्ये दहा वेळा वेळ विचारत असाल तर तो खर्च अंगावर येतो.

यावर "टीएससी=रिलायबल" घालून मोकळं व्हायचा मोह होतो. त्यानं कर्नलची तक्रार बंद होते, घड्याळ दुरुस्त होत नाही. आधी बायोस अपडेट करा. तरीही टीएससी अस्थिर म्हणत असेल तर तो बोर्ड हिशेबाच्या कामाला द्या, मशीनला नको.

पायरी चौथी: मोजायचं, आणि मोजणाऱ्यावरही नजर ठेवायची

मोजायचं सगळ्यांना ठाऊक असलेलं हत्यार म्हणजे आरटी-टेस्ट्स पॅकेजमधलं सायक्लिकटेस्ट. ते ठरल्या वेळी उठतं आणि किती उशिरा जाग आली ते मायक्रोसेकंदांत सांगतं. मेमरी लॉक करा (म्हणजे प्रोग्रॅमचा भाग डिस्कवर ढकलला जात नाही), प्रत्येक कोअरवर एकेक थ्रेड, प्रायॉरिटी ८०, इंटरव्हल १००० मायक्रोसेकंद. बाजूला स्ट्रेस-एनजी किंवा हॅकबेंचनं भार टाका, एखादी मोठी फाइल कॉपी करा, स्क्रीनवर काहीतरी हलतं ठेवा. बघायचा रकाना मॅक्स. ॲव्हरेज कुणी विचारत नाही: दहा लाख वेळा ५ मायक्रोसेकंद आणि एकदा २ मिलिसेकंद असेल तर ड्राइव्ह त्या एका वेळेला ट्रिप होतो. पाच मिनिटांची टेस्ट ही टेस्ट नव्हे. निदान एक पाळीभर चालू द्या.

किती उशीर चालतो ते मशीनवर ठरतं. टेबल मिनिटाला ६ मीटर वेगानं चाललंय, म्हणजे १ मिलिसेकंदात १०० मायक्रॉन. मग १०० मायक्रोसेकंदांचा उशीर म्हणजे पोझिशन वाचताना १० मायक्रॉनचा फरक. ज्याला नुसतं भोक पाडायचंय त्याला तो चालेल, बोअर फिनिश करणाऱ्याला चालणार नाही. पीसीच्या पोर्टमधनं थेट स्टेपरचे पल्स सोडत असाल तर गणित आणखी कडक होतं, वीस-तीस मायक्रोसेकंदांच्या पुढं मोटर कण्हायला लागते.

आता शिरोलीत मी कुठं फसलो ते. सायक्लिकटेस्ट लावलं, मॅक्स अठरा. भार टाकला, बावीस. दोन तास मशीन एकदाही ट्रिप झालं नाही. टेस्ट बंद केली, ऑपरेटरबरोबर चहाला गेलो, परत येईतोवर लाल दिवा. पुन्हा टेस्ट लावली, पुन्हा सगळं ठीक. दवाखान्याच्या पायरीवर दात दुखायचा थांबतो ना, तसं. पहिल्या रात्री मी नेटवर्कच्या केबलवर संशय घेतला, दुसऱ्या रात्री ड्राइव्हवर.

खरी गोम सायक्लिकटेस्टच्या पहिल्याच ओळीत छापलेली होती, ती मी रोज बघून सोडून देत होतो: "डेव्ह सीपीयू_डीएमए_लेटन्सी सेट टू ० यूएस". प्रोसेसरला काम नसलं की तो वीज वाचवायला झोपतो, आणि जेवढा खोल झोपतो तेवढा जागा व्हायला वेळ लागतो. या झोपेच्या पातळ्यांना सी-स्टेट म्हणतात. सायक्लिकटेस्ट सुरू होतानाच कर्नलला सांगतं की कुणी खोल झोपायचं नाही, आणि चालू असेपर्यंत ती अट धरून ठेवतं. ती अट अख्ख्या पीसीला लागू होते. म्हणजे मी टेस्ट लावली की माझा प्रोग्रॅमही फुकटात सुधारत होता! टेस्ट बंद केली, भार उतरला, ऑपरेटरनं स्क्रीनला हात लावला नाही, की वस्ताद, म्हणजे प्रोसेसर, स्वतःच घोरायला लागायचा. हाकच उशिरा.

म्हणून सायक्लिकटेस्ट दोनदा चालवा: एकदा नेहमीसारखं आणि एकदा "डिफॉल्ट-सिस्टिम" हा पर्याय देऊन, म्हणजे ते वीज वाचवण्याच्या व्यवस्थेला हात लावत नाही. आणि दोन्हीही वेळा भाराशिवायही चालवून बघा. रिकाम्या मशीनवर आकडा वाढत असेल तर झोपेचा प्रश्न आहे. तुमचा प्रोसेसर कुठल्या पातळीवरून उठायला किती वेळ घेतो हे सिस फोल्डरात प्रत्येक सीपीयूखालच्या सीपीयूआयडलमध्ये लिहिलेलं असतं. प्रत्येक स्टेटची लेटन्सी नावाची फाइल आहे, आकडा मायक्रोसेकंदांत. आमच्याकडं सगळ्यात खोल स्टेटचा आकडा तीन अंकी होता. तो वाचायला दहा सेकंद लागले, त्या आधीचे दोन दिवस वेगळे.

पायरी पाचवी: हाक उशिरा की उठणं उशिरा

सायक्लिकटेस्ट एकच आकडा देतं: ठरलेल्या वेळेपासून थ्रेड चालेपर्यंतचा. कर्नलबरोबर येणाऱ्या आरटीएलएमधलं टाइमरलॅट तोच उशीर दोन तुकड्यांत दाखवतं, इंटरप्ट किती उशिरा आला आणि थ्रेड किती उशिरा उठला. माझ्या मते नवख्यानं पहिलं शिकावं ते हेच हत्यार. "ऑटो" पर्यायाला ५० द्या, उशीर ५० मायक्रोसेकंदांच्या वर गेला की ते थांबतं आणि कारणांची वाटणी छापतं. सायक्लिकटेस्टसारखी झोप मोडायची खोडही त्याला आपणहून नाही. शिरोलीत त्यानं इंटरप्टच्या उशिरापुढं कंसात सरळ लिहून दिलं: "एक्झिट फ्रॉम आयडल".

इंटरप्टच उशिरा असेल आणि झोप हे कारण नसेल, तर संशय बायोसवर. एसएमआय नावाचा एक इंटरप्ट असतो, तो आला की बायोस प्रोसेसर ताब्यात घेतं आणि कर्नलला त्याचा पत्ताही लागत नाही. तालमीचा मालक वस्तादाला गुपचूप बाहेर घेऊन गेला आणि आणून सोडला, वस्तादाला वाटतं आपण इथंच उभे होतो. सेकंडहँड ऑफिस पीसीवर हे जास्त भेटतं. शोधायला एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट आहे. मात्र ते मोजताना इंटरप्ट बंद करून बसतं, नेहमीच्या सेटिंगला दर सेकंदातला अर्धा सेकंद. मशीन हलत असताना ते चालवायचं नाही, ड्राइव्हची मेन बंद करूनच. एसएमआय सापडले तर बायोसमध्ये जाऊन लेगसी यूएसबी, वीज वाचवायचे पर्याय, नको ती ऑनबोर्ड उपकरणं एकेक बंद करून परत मोजा. एसएमआय मुळातनं बंद करायच्या युक्त्या फिरत असतात, त्या करू नका. प्रोसेसर तापल्यावर सांभाळणारी व्यवस्था काही बोर्डांवर त्याच वाटेनं येते.

इंटरप्ट वेळेवर आणि थ्रेड उशिरा असेल तर घरचं भांडण आहे. तुमच्यापेक्षा वरच्या प्रायॉरिटीचं कुणीतरी प्रोसेसर अडवून बसलंय, किंवा तुम्ही स्वतःची प्रायॉरिटी लावलीच नाही. ६.१२ च्या आधीच्या कर्नलात आणखी एक पहारेकरी होता. रिअल-टाइम थ्रेडना मिळून सेकंदातले ९५० मिलिसेकंदच मिळायचे, उरलेले ५० सक्तीनं बाकीच्यांना. तुमचा एखादा थ्रेड न झोपता गोल फिरत राहिला तर अचानक ५० मिलिसेकंदांचा खड्डा पडतो आणि डीमेसेजमध्ये "आरटी थ्रॉटलिंग ॲक्टिव्हेटेड" येतं. पहारेकऱ्याला हाकलायच्या आधी तो थ्रेड का फिरतोय ते बघा.

पायरी सहावी: स्वतःचा कोड

सायक्लिकटेस्ट आणि टाइमरलॅट दोन्ही चांगले आकडे देतायत, तरी मशीन चुकतंय? मग आरशात बघायचं.

जवळजवळ प्रत्येक उठणं पन्नासेक मायक्रोसेकंदांनी उशिरा, आणि तेही एकसारखं, असं दिसलं तर तुमचा थ्रेड साधाच राहिलाय. साध्या थ्रेडला कर्नल ५० मायक्रोसेकंदांची ढील देतो, म्हणजे जवळजवळच्या हाका एकत्र मारता येतात. त्याला टाइमर स्लॅक म्हणतात. थ्रेडला फिफो पॉलिसी (रिअल-टाइम थ्रेडची पद्धत) लावली की ढील शून्य. प्रायॉरिटी ९९ लावू नका, कर्नलचे काही थ्रेड तिथं राहतात. इंटरप्टचे थ्रेड सहसा ५० वर असतात, हे लक्षात ठेवून आपली जागा ठरवा.

लूपमध्ये "आतापासून १ मिलिसेकंद झोप" असं लिहिलं असेल तर चूक हळूहळू साचते. काम आणि उठणं मिळून ६० मायक्रोसेकंद लागले तर प्रत्येक फेरी १.०६ मिलिसेकंदांची होते, हजार फेऱ्यांत ६० मिलिसेकंद मागं. पुढची वेळ स्वतः मोजायची, मागच्या ठरलेल्या वेळेत १ मिलिसेकंद मिळवायचा, आणि क्लॉक_नॅनोस्लीपला ती पक्की वेळ ॲब्सोल्यूट म्हणून द्यायची. घड्याळ मोनोटॉनिकच. रिअलटाइम नावाचं घड्याळ नावावरून बरोबर वाटतं, पण ते भिंतीवरचं घड्याळ: इंटरनेटवरून वेळ जुळवली की ते उडी मारतं, आणि त्याबरोबर तुमचा लूप.

टाइमर_क्रिएट करून सिग्नलची वाट बघणारा कोड साध्या कर्नलात ठीक चालतो, रिअल-टाइम कर्नलात मात्र रुसतो. तिथं असल्या टाइमरचं काम थेट इंटरप्टमध्ये न होता एका थ्रेडकडं ढकललं जातं, आणि त्या थ्रेडची प्रायॉरिटी तुमच्या बरीच खाली असते. जुना कोड नव्या कर्नलवर आणल्यावर "रिअल-टाइमनं उलट वाईट झालं" अशी ओरड येते ती बहुतेक इथून.

बाकी मेमरी लॉक करा, लूपमध्ये प्रिंटएफ नको, फाइल लिहिणं नको. हे सगळ्यांना सांगून झालंय, तरी दर वेळी कुणाच्या तरी लूपमध्ये प्रिंटएफ सापडतोच. माझ्याही सापडलाय.

पायरी सातवी: इलाज, आणि त्याची किंमत

शिरोलीचा इलाज प्रोग्रॅममध्येच केला. सुरू होताना डेव्हमधली सीपीयू_डीएमए_लेटन्सी उघडायची आणि त्यात किती मायक्रोसेकंदांपर्यंतची झोप चालेल तो आकडा लिहायचा. इथं नवखे हमखास घसरतात: टर्मिनलवरून एको या कमांडनं आकडा लिहितात आणि काहीच होत नाही. फाइल उघडी असेपर्यंतच अट लागू असते. एको संपला, फाइल मिटली, अट गेली. म्हणून ती प्रोग्रॅमनंच उघडून शेवटपर्यंत धरून ठेवायची, आणि आकडा ३२ बिटांच्या पूर्णांकात द्यायचा.

मी पहिल्यांदा शून्य लिहिला. ट्रिप थांबले, मालकांनी मिसळ मागवली. दोन आठवड्यांनी, ऐन एप्रिलात, परत फोन: पीसी तापतोय. शून्य म्हणजे प्रोसेसर अजिबात झोपत नाही, काम नसताना जागच्या जागी पळत राहतो. पॅनेल धुळीसाठी सीलबंद, बाजूला फाउंड्रीची भिंत. प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करायला लागला असता तर उशीर दुसऱ्या दारानं आत आला असता.

सीपीयूआयडलमधले आकडे परत बघितले. सगळ्यात हलक्या स्टेटची लेटन्सी २ होती, पुढचीची १०. शून्याच्या जागी ५ लिहिला, म्हणजे डुलकी चालेल, झोप नाही. भार न टाकता टाइमरलॅट रात्रभर चालवलं, सकाळी मॅक्स एकवीस. पॅनेलला फिल्टरवाला पंखा मात्र बसवावाच लागला, आणि त्याचं बिल अजून यायचंय.